वीज कधी स्वस्त? आधी बघ, मग सांग

गेल्या सप्टेंबरात, गणपती उठून दोन-तीन दिवस झाले असतील, गडहिंग्लजहून आत्तीचा फोन आला. आत्तीचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. कांदा-लसूण मसाला, गरम मसाला, दिवाळीच्या आधी चिवड्याचा मसाला. दोन पल्व्हरायझर, एक भट्टी आणि कामाला सहा बायका. त्यांतल्या दोघी पन्नाशीच्या पुढच्या आहेत, पण आत्तीच्या तोंडी सगळ्या 'पोरी'च.

"अगं, सोमवारपासून पोरींना पहाटे साडेचारला बोलावलंय. ऑर्डरी वाढल्यात, आणि वीज पहाटे स्वस्त पडते."

"कोण म्हणालं?"

"मोबाईलला विचारलं की. सगळं व्यवस्थित सांगितलं त्यानं. रात्री दहा ते पहाटे सहा सवलत, सकाळी नऊ ते बारा जादा दर. म्हणून नऊच्या आत काम आटपायचं."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. बेळगावात घरी बसून, कंपनी दुसरीकडे. त्यामुळे घरात कुणाचा मोबाईल अडला तरी फोन मला येतो. पण यावेळी आत्तीचं काही अडलेलं नव्हतं. ती ठरवून मोकळी झाली होती आणि मला फक्त सांगत होती. बोलता बोलता तिनं आणखी एक सांगितलं. सहांपैकी एक जण जवळच्या खेड्यातून सकाळच्या पहिल्या एसटीनं येते. साडेचारला एसटी नाही. दुसरीचं पोर दोन वर्षांचं आहे. तिनं 'बघते' म्हटलं आणि गप्प बसली. आत्तीला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता, पण बिलाचा आकडाही दिसत होता.

मला खटकला तो दीड रुपया. मोबाईलनं तिला सांगितलं होतं की रात्रीच्या युनिटला दीड रुपया सवलत मिळते. हा आकडा खोटा नव्हता. महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांना कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे जादा, आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. होती. २०२५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं हे वेळापत्रकच फिरवलं. आता सवलतीची मुख्य वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आणि जादा दराची वेळ संध्याकाळी ५ ते मध्यरात्री. म्हणजे जी वेळ टाळायला मोबाईल आत्तीला सांगत होता, ती नऊ ते बारा, तीच आता सवलतीत बसत होती. आणि रात्री दहा ते बारा ही सवलतीची म्हणून सांगितलेली वेळ जादा दराच्या खात्यात गेली होती.

वेळापत्रक का फिरलं हे समजायला सोपं आहे. कोळशावरचं वीजकेंद्र रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही. रात्री मागणी कमी, वीज मात्र तयार होतच राहायची. म्हणून पूर्वी 'रात्री वापरा, सवलत घ्या' असं होतं. आता सौर वीज आली. दुपारी वीज भरपूर, आणि सूर्य मावळला की एकदम ओढाताण. केंद्र सरकारनं १४ जून २०२३ ला ग्राहक हक्कांच्या नियमांत सुधारणा करून दिवसाच्या वेळेनुसार दर देशभर आणायचं ठरवलं. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून, पण स्मार्ट मीटर बसल्यावरच. सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असं त्या नियमांत आहे. महाराष्ट्रातला बदल त्याच वाटेनं आलेला.

मग मोबाईलमधल्या त्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं चूक का केली? तिनं कुठं बघितलंच नव्हतं. अशी प्रणाली प्रचंड मजकूर वाचून शिकते. रात्रीच्या दीड रुपयाबद्दल अनेक वर्षांचं लिखाण साठलेलं आहे, नव्या वेळापत्रकाबद्दल काही महिन्यांचं. विचारलं की जे जास्त वेळा वाचलंय तेच तोंडात येतं. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, कुठल्याही गावाच्या एसटीची वेळ खाडकन सांगतात. वेळ असते १९९० सालची.

मी आत्तीला म्हटलं, "सोमवारचं जरा थांबव. मी बघून सांगते."

आता इथं जरा मागं जायला हवं. विजेचे दर बघून सांगणारं साधन मी त्याआधी एकदा लिहिलं होतं, माझ्या दादासाठी. दादा आणि वहिनी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतात. तिथं हवं तर असा करार घेता येतो की विजेचा दर तासागणिक बदलतो. उद्याच्या विजेचा लिलाव आज दुपारी बारापर्यंत होतो आणि एकच्या सुमारास उद्याचे सगळे दर जाहीर होतात. पूर्वी दिवसाचे २४ दर असत. १ ऑक्टोबर २०२५ च्या विजेपासून दर पंधरा मिनिटांचा वेगळा, म्हणजे ९६. खूप ऊन आणि वारा असेल तर दर शून्याखालीही जातो. शेजारच्या जर्मनीत २०२४ मध्ये असे ४५७ तास होते. आपल्याला हे ऐकून गंमत वाटते, दादाला मात्र त्यावर गाडी चार्ज करायची वेळ ठरवायची असते. त्याला हवं होतं की त्याच्या एआय एजंटनं हे रोज परस्पर बघावं.

एजंट म्हणजे नुसता गप्पा मारणारा नव्हे, तर काम करून टाकणारा प्रोग्रॅम. पण त्याला बाहेरच्या जगातलं काही हवं असेल तर खिडकी लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीनं अशा खिडक्यांसाठी एक खुली पद्धत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. कल्पना साधी आहे. तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, त्याला नाव द्यायचं, आणि तो काय करतो, त्याला काय सांगावं लागतं हे साध्या भाषेत लिहून ठेवायचं. एजंट ते वाचतो आणि गरज पडली की तो प्रोग्रॅम वापरतो. घरात नवीन मदतनीस आली की आपण फळीवर चिठ्ठी लावतो, 'हा डबा साखरेचा, हा मिठाचा', तसं. अशी अनेक साधनं लोकांनी लिहिली आहेत, विजेच्या दरांचीही आहेत. मी माझं लिहिलं कारण एका रविवारी होईल असं मला वाटलं.

रविवारी झालंही. युरोपात विजेची बाजारातली माहिती सगळ्यांना मिळावी असा २०१३ चा नियमच आहे. त्यामुळे एन्ट्सो-ई या संस्थेच्या साठ्यातून दर थेट प्रोग्रॅमला वाचता येतात, नोंदणी करून एक किल्ली घेतली की झालं. पुढचे तीन आठवडे मात्र माझ्या चुका निस्तरण्यात गेले.

पहिली चूक वेळेची. साठ्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. उन्हाळ्यात नेदरलँड्सचं घड्याळ तिच्या दोन तास पुढे. माझ्या साधनानं वेळ जशीच्या तशी दिली. एजंटनं वाचलं की पाच ते सात महाग आहे, आणि शहाण्यासारखी गाडी सातला चार्जिंगला लावली. खरी महाग वेळ होती सात ते नऊ. चार दिवस हे चाललं. वहिनीनं वीज कंपनीच्या ॲपमध्ये बघितलं आणि मला विचारलं, "तुझं यंत्र महाग वेळ शोधून देतं का गं?" शिवाय तिथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दिवस २५ तासांचा होतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी २३. ९६ कप्पे धरून बसलेला प्रोग्रॅम त्या दोन दिवशी आपटतो.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. सकाळी दहाला एजंटनं उद्याचे दर मागितले तर ते अजून जाहीरच झालेले नसतात. माझं साधन अशा वेळी रिकामी यादी परत द्यायचं. मला वाटलं, रिकामं म्हणजे नाही, हे कुणालाही कळेल. एजंटला कळलं नाही. त्यानं आदल्या दिवशीचे आकडे घेतले आणि 'उद्याचे दर' म्हणून दादाला सुंदर तक्ता करून दिला. तेव्हापासून माझं साधन रिकामं काही देत नाही. ते वाक्य देतं: 'उद्याचे दर अजून जाहीर झालेले नाहीत, दुपारी एकनंतर पुन्हा विचार.'

आत्तीच्या फोननंतर मला वाटलं, हेच साधन थोडं बदललं की झालं. आपल्याकडेही विजेचा बाजार आहेच. इंडियन एनर्जी एक्स्चेंज २००८ पासून चालू आहे, उद्याच्या विजेसाठी सकाळी दहा ते बारा बोली लागते आणि आपल्याकडे पंधरा मिनिटांचे ९६ कप्पे युरोपच्या कितीतरी आधीपासून आहेत. मी ते दर साधनाला जोडून बघितले. एजंटनं मला उत्तर दिलं: 'दुपारी एक वाजता दर ३००० रुपये आहे.' बाजारात दर मेगावॅट-तासाला असतो. एक मेगावॅट-तास म्हणजे १००० युनिट, म्हणजे हे तीन रुपये युनिट. ते दुरुस्त केलं. मग त्यानं सांगितलं, 'तुमच्या आत्याला दुपारी वीज तीन रुपयांनी मिळेल.'

हे बाबा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "मिळेल तर. आणि तारा काय आकाशातून लोंबकळतात?"

बाजारातला दर हा वीज कंपन्या आणि मोठे खरेदीदार यांच्यातला घाऊक दर. आत्तीच्या बिलात स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आहे, वीज शुल्क आहे. आणि मुळात तिचा दर रोजच्या बाजारावर ठरतच नाही, तो आयोगाच्या आदेशानं ठरतो. संकेश्वरी मिरचीचा गडहिंग्लजच्या बाजारातला सौद्याचा भाव आणि आत्तीच्या मसाल्याच्या पाकिटावरची किंमत यांत जेवढं नातं, तेवढंच. दादाचं तसं नाही. त्याच्या बिलात बाजारभाव खरोखरच येतो, वर कर आणि कंपनीचा आकार. म्हणून त्याला बाजारभाव दाखवणारं साधन उपयोगी, आणि आत्तीला तेच साधन फसवणारं. प्रोग्रॅम तोच, आकडा खरा, उत्तर चुकीचं.

तर बाजारभाव काढून टाकले आणि आयोगाचे आदेश घेऊन बसले. युरोपची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं. आदेश म्हणजे शेकडो पानांची पीडीएफ, आणि दराचा तक्ता कुठंतरी शेवटाकडे. त्यात २०२५ चं वर्ष तर विचारू नका. महावितरणसाठीचा आदेश मार्चअखेर आला, चार-पाच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, फेरविचारानंतर सुधारित आदेश जूनअखेर निघाला आणि १ जुलैपासून नवे दर लागू झाले. मार्चच्या आदेशावर लिहिलेल्या बातम्या सगळीकडे आहेतच, आणि त्या वाचूनही कुणी आत्तीला आत्मविश्वासानं चुकीचं सांगू शकेल. म्हणून मी तक्ता हातानं भरला. प्रत्येक ओळीत कंपनी, ग्राहकाचा वर्ग, वेळ, दर किंवा सवलत, कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या आदेशाच्या कोणत्या पानावर. दोन संध्याकाळी गेल्या. बाबा पान वाचून दाखवत होते, मी भरत होते.

तरी पहिल्या चाचणीत घोटाळा झालाच, आणि तो आमच्या सीमाभागाला शोभेल असा. मी माझ्या फोनवरून विचारलं, 'मसाला कारखान्याला दुपारी दर काय?' एजंटला माझं गाव बेळगाव माहीत होतं. त्यानं आपल्या मनानं 'हेस्कॉम' धरलं आणि कर्नाटकच्या तक्त्यातला दर दिला. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. बेळगावात हेस्कॉम, तासा-दीड तासावर आत्तीकडे महावितरण. आमच्या घरी कर्नाटकच्या गृहज्योती योजनेमुळं २०० युनिटच्या आत शून्य रुपयांचं बिल येतं आणि आत्ती दर महिन्याला त्यावरून टोमणा मारते. भाषा एक, घराणं एक, मिरचीसुद्धा एकच, नाव कर्नाटकातल्या गावाचं आणि बाजार महाराष्ट्रात. वीज मात्र दोन आयोगांची. स्वीडनमध्ये एका देशाचे विजेसाठी चार भाग आहेत, प्रत्येकाचा दर वेगळा, हे दादासाठी काम करताना वाचलं होतं. तेव्हा नवल वाटलं होतं. आपण जन्मापासून त्यातच राहतोय हे लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी साधनावरची चिठ्ठी पुन्हा लिहिली. एजंटला मराठी समजतं, म्हणून मराठीतच ठेवली: 'हे साधन बिलातले दर सांगते, बाजारातले नाही. कंपनी आणि ग्राहकाचा वर्ग माहीत नसेल तर गावावरून अंदाज करू नको, माणसाला विचार. दर सांगताना तो कधीपासून लागू आहे आणि कोणत्या पानावर आहे हे सांग. साधनाने नाही म्हटले तर तूही नाही म्हण.' कोड मोजून दोनशे ओळींचा असेल. निम्मा वेळ या चार वाक्यांवर गेला.

तरीही चिठ्ठीवर सगळा भार टाकू नये. एजंट ती कधी पाळतो, कधी विसरतो. म्हणून कंपनीचं नाव दिल्याशिवाय साधन आता उत्तरच देत नाही. जे चुकू नये असं वाटतं ते सांगून भागत नाही, दाराला कडी लावावी लागते.

कडी लावूनही जे आत येतं त्याचंही एक उदाहरण आहे. २४ नोव्हेंबर २०२३ साठी फिनलंडच्या बाजारात एका कंपनीनं चुकून नसलेली प्रचंड वीज विकायला काढली. भाव उणे ५०० युरोपर्यंत, म्हणजे बाजारात जेवढा खाली जाऊ शकतो तेवढा गेला. दर बघणाऱ्या साधनांनी तो इमानदारीत दाखवला असणार, कारण दर खरोखरच तो होता. आकडा बरोबर दाखवणं एवढंच साधनाच्या हातात आहे. आकडा असा का, हे विचारायला माणूस लागतो.

शनिवारी बाबांना घेऊन गडहिंग्लजला गेले. आत्तीचं ऑगस्टचं बिल मागितलं. त्यावर वेळेनुसार वापराचे कप्पे छापलेले होते, ती त्यांच्याकडे कधी बघत नव्हती. तिचा नेहमीचा वापर सकाळी दहा ते संध्याकाळी सात. म्हणजे पाचपर्यंतचा वापर आधीच सवलतीच्या वेळेत होता. बिल वाढवत होते ते पाच ते सात. तिच्याच फोनवर एजंटला साधन जोडून दिलं आणि तिलाच विचारायला लावलं. त्यानं आधी विचारलं, "वीज कंपनी कोणती, आणि बिलावर ग्राहकाचा वर्ग काय लिहिलाय?"

"आधीचा काही विचारत नव्हता," आत्ती म्हणाली. तिला ते आवडलं नाही. लगेच उत्तर देणारा तिला जास्त हुशार वाटत होता. बाबांनी बिल पुढं धरलं, मग तिनं वाचून सांगितलं. उत्तर आलं, तारखेसकट, पान क्रमांकासकट. बाबांनी ते पान माझ्या लॅपटॉपवर उघडून तिला दाखवलं. तक्ता इंग्रजीत होता, पण ०९०० आणि १७०० हे आकडे तिला वाचता आले.

सोमवारी पोरी नऊला आल्या. पल्व्हरायझर नऊ ते पाच, आणि पाचनंतर पाकिटं भरणं, लेबलं लावणं, ज्याला एका ट्यूबलाइटपुरतीच वीज लागते. एसटीनं येणारीला अर्धा तास उशीर चालतो असं ठरलं. लहान पोर असलेली पाचला घरी जाते. पहाटेचं बोलावणं रद्द केल्याचं आत्तीनं त्यांना कसं सांगितलं ते मला माहीत नाही. मोबाईलनं फसवलं असं ती नक्कीच म्हणाली नसणार.

तक्त्यात मी आणखी एक गोष्ट घातली होती आणि विसरून गेले होते. प्रत्येक ओळीला 'शेवटची तपासणी' अशी तारीख आहे, आणि तिला नव्वद दिवस उलटले की साधन दर सांगायचं थांबतं. डिसेंबरात एका सकाळी आत्तीचा फोन आला.

"अगं, तुझं यंत्र आज उत्तर देईना. म्हणतंय, नव्वद दिवसांत कुणी तपासलेलं नाही, मी सांगू शकत नाही."

"बरोबर आहे आत्ती. माझं राहिलंय."

"मग बघ की. आणि बाबांना घेऊन बस, तू एकटी पान चुकवशील."